हमरापूरच्या बाईचे डोळे

आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. प्रवासाला जाणारी माणसं निघण्यामागे ओढ, कुतूहल, निसर्ग असली काहीतरी चांगली कारणं देतात. मी समुद्रकाठच्या त्या नव्या रिसॉर्टला गेले ते केवळ माझी धाकटी जाऊ माझ्याआधी जाऊन आली म्हणून.

सुनंदा रोह्याला राहते. दीर धाटावच्या कंपनीत आहेत आणि त्यांना कंपनीकडून दोन रात्रींचं कुपन मिळालं. झालं. पुढचे आठ दिवस माझ्या फोनवर सुनंदाच सुनंदा. गवताची टोपी घातलेली सुनंदा, काळ्या चष्म्यातली सुनंदा, शहाळ्याला नळी लावून समुद्राकडे बघणारी सुनंदा. प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं, ‘ऑल इन्क्लुझिव्ह’. मी फोन करून विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, “म्हणजे वहिनी, एकदा आत शिरलं की सगळं त्यातच. नाश्ता, जेवण, झोपाळा, पोहायचा तलाव. समुद्रसुद्धा त्यातच.” समुद्र कुणी बिलात धरतं हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. पण पोटात दुखायचं ते दुखायला लागलंच.

आमचा पेणला रामवाडीत गणपतीचा कारखाना आहे. साचे, ओतकाम, अंगाचा रंग हे सगळं यांचं, म्हणजे माझ्या मिस्टरांचं. डोळ्यांची आखणी माझी. आखणी म्हणजे पापणी, बुबुळ, भुवई. सगळ्यात शेवटी होते. तोवर मूर्ती नुसती उभी असते, आखणी झाली की ती आपल्याकडे बघायला लागते. मुंबई-ठाण्याहून येणारी गिऱ्हाइकं हात जोडून म्हणायची, वहिनी, काय डोळे आहेत! हे काय म्हणायचे? “वाळले का बघ, टेम्पो भरायचाय.” इतक्या वर्षांत यांच्या तोंडून एक कौतुकाचा शब्द नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

माझी आणखी एक खोड आहे, तीही सांगते. जळणाऱ्या माणसाला दृष्टीची ताकद बरोबर ठाऊक असते. म्हणून देखणं काही दिसलं की मी त्याला तीट लावते. नातीला लावते, नवा फ्रिज आला त्याच्या पाठीला लावली, आणि एखादी मूर्ती अगदी मनासारखी उतरली तर तिच्या डाव्या कानामागे लावते. काळ्या रंगात ब्रशच्या दांड्याचं टोक बुडवून, तिळाएवढी. दांडा शेवटाला पोकळ असतो, म्हणून ठिपक्याच्या मधे बारीक भोक राहतं. हे म्हणतात, “गणपतीला कुणाची दृष्ट लागणार हाय?” मी म्हणते, माझीच.

तर गेल्या हंगामात ठाण्याच्या एका व्यापाऱ्यानं काही मूर्ती परत पाठवल्या. डोळे तिरळे आलेत म्हणाला. ते खरं होतं. माझा उजवा हात हल्ली थरथरतो. विसर्जनं आटोपल्यावर एकदा चहा पिता पिता हे म्हणाले, “यंदा आखणीला कुणीतरी बघूया,” आणि कपबशी खाली ठेवून आंघोळीला गेले. मला तो चहा अजून गोड लागलेला नाही. कारखान्यातला खिडकीजवळचा पाट माझा आहे. कारखाना उभा राहिला तेव्हापासून जे काही माझं स्वतःचं आहे, ते त्या पाटावर बसून झालेलं आहे. तिथे दुसरी कुणी बसलेली मी बघायची?

म्हणून रिसॉर्टचा हट्ट धरला आणि हे एका शब्दानं हो म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. बकऱ्याला हार कधी घालतात हे मला माहीत आहे.

वडखळ, रोहा आणि मागचं गेट

आम्ही आमच्या टेम्पोनं गेलो. हसू नका. गाडी दुसरी आहे कुठे? मागे गवताचा पेंढा तसाच होता, त्यात आमची बॅग आडवी करून ठेवली. यांना टेम्पो चालवायची एकच रीत येते, मागे मूर्ती असल्यासारखी. वडखळच्या नाक्यावर गतिरोधक आला की हे गाडी जवळजवळ उभी करतात, आधी एक चाक चढवतात, मग दुसरं, आणि उतरताना आरशात मागे बघतात. “अहो, मागं पेंढा हाय,” मी म्हटलं. “सवय मोडली की मोडली,” हे म्हणाले. मागचे ट्रकवाले आमच्या घराण्याचा उद्धार करत पुढे गेले. नागोठणं मागे टाकून भिसे खिंड उतरेपर्यंत माझी साडी घामानं चिकटली होती.

रोह्याला सुनंदाकडे जेवायला थांबलो. तिनं वालाचं बिरडं केलं होतं. बिरडं चांगलं करते ती, ते नाकारत नाही, फक्त मी तसं बोलले नाही. जेवताना तिनं मला सूचना दिल्या. “वहिनी, नाश्त्याला आधी फळं घ्यायची, मग बाकीचं. आणि तलावात साडीनं उतरू देत नाहीत हां, नायलॉनचा ड्रेस लागतो. हवा तर माझा देते.”

“तुझा मला ढगळ होईल,” मी म्हटलं. तो मला चढलाही नसता, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

रोह्याहून चणेऱ्याच्या रस्त्यानं कुंडलिकेच्या कडेकडेनं पश्चिमेला निघालो. हिवाळ्यातली भातशेतं कापून झालेली, मधेच वालाचे हिरवे तुकडे, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे खाडी रुंद होत चाललेली. हा रस्ता सुंदर आहे. मला फक्त एकच गोष्ट डाचत होती, की तो सुनंदानं आधी पाहिला होता.

रिसॉर्टच्या कमानीशी वॉचमननं हात आडवा केला. “माल मागच्या गेटनं.”

“आम्हीच माल हाव,” मी म्हटलं.

त्यानं टेम्पोत डोकावून पेंढा बघितला, बॅग बघितली, आणि तरीही आम्हाला मागच्याच गेटनं पाठवलं. म्हणजे भाजीचे क्रेट, सिलिंडर आणि आम्ही, अशी आमची स्वयंपाकघरातून एन्ट्री झाली. एक आचारी कांदे चिरता चिरता “या, या” म्हणाला. सुनंदा मात्र पुढच्या दारानं गेली होती. तिथे म्हणे कपाळाला गंध लावून कोकम सरबत देतात.

हिरवी पट्टी

पुढच्या हॉलमध्ये काउंटरवर प्राची नावाची रोह्याचीच मुलगी होती, गोड आणि चटपटीत. तिनं आमच्या मनगटाला हिरव्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. ही पट्टी दाखवली की जे हवं ते मिळतं. एक पुण्याचं जोडपं शेजारीच उभं होतं, त्यांच्या पट्ट्या सोनेरी होत्या. “त्यांची समुद्राकडची खोली आहे, काकू,” प्राची म्हणाली. “तुमची बागेकडची.” बागेत नारळाची चार नवी झाडं होती, अजून काठ्यांना बांधलेली. त्या सोनेरी पट्टीनं माझी संध्याकाळ घालवली.

हॉलच्या मधोमध उंच चौथऱ्यावर गणपती होता. चांगला पुरुषभर उंचीचा, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. मी हात जोडणार तोच यांचा आवाज आला.

“डोळे बघ गो.”

मी बघितलं नाही. यांच्या आवाजात असं काही होतं जे मी कधी ऐकलं नव्हतं. नात झाली तेव्हासुद्धा नाही. हे मान वर करून उभे होते, बॅग खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आलेली आणि यांना पत्ता नाही.

“काय आखलेत. पापणी बघ कशी उचललीय. एका दमात वढलीय ती रेघ, कुठं ब्रश थांबला नाय.” मग प्राचीला, “कुठली गो मूर्ती?”

“हमरापूरची, एवढंच माहीत आहे मला.”

हमरापूरची! पेणच्या माणसाला आणखी काय टोचायचं असतं? आम्ही पेणचे जुने कारखानदार, आणि हमरापूरवाले संख्येनं आमच्या पुढे गेलेले. त्यांचं कौतुक आमच्या घरात कुणी मोठ्यानं करत नाही. मी मूर्तीच्या पावलांपर्यंत नजर नेली, हात जोडले आणि वळले.

खोलीत गेल्यावर हे पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले, “बाईचा हात हाय तो. पुरुषाचा इतका हलका नसतो.”

मी बागेकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

ज्याची त्याची पोपटी

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी खाण्याविषयी सांगायलाच हवं. नाश्त्याला इतके प्रकार मांडलेले असतात की माणूस भूक विसरतो. इडली, पोहे, पाव, तीन रंगांची सरबतं, कलिंगडाचं कोरलेलं कमळ. आमचे पोह्याचे पापड चांदीच्या कागदावर ठेवले होते आणि पुढे पाटी होती, ‘कोकणी क्रिस्प्स’. मीठ कागदाच्या चिमुकल्या पुड्यांमधे. वडखळला मिठागरांवर शुभ्र ढिगारे बघत आलेल्या बाईला ती पुडी फाडताना कसंतरीच होतं. पुडी फाडताना माझा हात थरथरला आणि अर्धं मीठ टेबलावर सांडलं. यांनी ते बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

पुण्याच्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. तलावात मासोळीसारख्या पोहत होत्या. मी काठावर पंजाबी ड्रेसची विजार दुमडून पाय पाण्यात सोडून बसले. त्या पोहत आल्या आणि म्हणाल्या, “या ना आत, छान आहे पाणी.” मी म्हटलं, “आमच्याकडे पाण्यात देव सोडतात, आपण काठावर थांबतो.” त्या खूप हसल्या. चांगल्या होत्या हो. त्यांचा नवरा काठावरून दर दोन मिनिटांनी “वा, सुंदर!” म्हणायचा. पोहण्याला! मी तेवढ्यासाठी आमच्या यांना शोधलं, तर हे तलावावर नाहीत, समुद्रावर नाहीत. हॉलमध्ये होते. फोनवर गणपतीचा फोटो काढून दोन बोटांनी मोठा करून बघत होते, आणि प्राचीला सांगत होते.

“ही बाई मिळाली ना, तर मी हंगामाला तिला पायघड्या घालून आणीन बघ.”

मी खांबाआड उभी होते. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पायघड्या! मला आणलं तेव्हा एसटीनं आणलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी रिसॉर्टवर ‘पोपटी नाइट’ होती. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, मीठ, आणि पाण्याचा एक थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. रिसॉर्टवाल्यांनी स्टीलच्या डब्यात, चांदीच्या कागदात गुंडाळून केली होती. भांबुर्डी नव्हती, त्याऐवजी कोथिंबीर. माणसं टाळ्या वाजवत होती. मी आचाऱ्याला म्हटलं, “दादा, ह्याला पोपटी म्हणू नका, शेंगांना वाईट वाटेल.” हाच तो कांदे चिरणारा. तो म्हणाला, “व्हय काकू, मी पोयनाडचा हाय. मला काय कळत नाय? पण साहेबांना धूर चालत नाय.”

जेवणानंतर वाळूवर चालताना मी विषय काढलाच. पोटात ठेवणं मला जमत नाही.

“तुम्हाला ती एवढी आवडली असेल तर तिलाच आणा.”

“आणायचंच हाय,” हे म्हणाले. अगदी साधेपणानं. “परत जाताना हमरापूरला चौकशी करू.”

“आणि मी?”

“तू काय. तू हायसच.”

दारामागच्या केरसुणीलाही माणूस असंच म्हणत असेल. मी मागे फिरले आणि खोलीपर्यंत यांच्यापुढे चालत गेले.

डावा कान

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून झोपले, आणि मी हॉलमध्ये गेले. मनात पाप होतं ते सांगते. मला त्या हमरापूरच्या बाईची चूक काढायची होती. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या मूर्तीतली खोट शोधायची तर पुढून बघायचं नसतं. पुढून सगळेच छान करतात. कानामागे बघायचं. घाईची, आळशी माणसं तिथला रंग सोडून देतात. कानामागे पांढरं दिसलं की मी यांना हाताला धरून आणणार होते आणि म्हणणार होते, बघा तुमची पायघड्यांवाली.

“प्राची, जरा पाया पडते गो वर चढून. फूल वाहायचंय.”

“हळू हां काकू,” म्हणत तिनं स्टूल दिलं.

मी मूर्तीच्या मागून चढले. उजवा कान बघितला. रंग शेवटपर्यंत, सारखा, कुठे ओघळ नाही. मग डाव्या बाजूला वाकले.

कानामागे तीट होती. तिळाएवढी, काळी. मधे बारीक भोक.

मला आधी काहीच कळलं नाही. मग मी हाताचं बोट तिच्यावर ठेवलं. आमचा कारखाना उभा राहण्याआधी, भिंती चढत होत्या तेव्हा, दोन हंगाम मी एसटीनं हमरापूरला जात होते. दुसऱ्यांच्या कारखान्यात आखणी करायला. सकाळी जायचं, दिवसभर डोळे काढायचे, संध्याकाळी परत. कुणी नाव विचारलं नाही, मूर्ती त्या त्या कारखान्याच्या नावानं गेल्या. किती आखल्या कोण जाणे. एवढीशी तीट कोणत्या कोणत्या मूर्तीला लावली तेही आता आठवत नाही. ह्या मूर्तीला लावली होती.

मग मी खाली उतरून पुढे आले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा वर बघितलं.

खरंच चांगले होते हो ते डोळे. पापणी एका दमात ओढलेली. नजर अशी, की माणूस कुठेही उभा राहिला तरी तिनं त्याच्या घरचं विचारावं.

“आमच्या मोठ्या साहेबांच्या घरातली आहे,” प्राची मागून सांगत होती. “माझ्या जन्माच्याही आधी आणलेली. विसर्जनाला न्यायची, तर त्यांच्या आईला डोळ्यांकडे बघून सोडवेना. मग तशीच ठेवली घरात. आता इथे.”

मला आनंद झाला. किती झाला ते सांगता येणार नाही. तो जेमतेम मिनिटभर टिकला आणि मग मी पुन्हा जळले, सुनंदावर जळले नव्हते इतकी जळले. कारण मी माझा हात पुढे धरून बघितला आणि तो थरथरत होता. त्या बाईचा हात थरथरत नव्हता. ती रेघ आता माझ्याकडून ओढून होणार नाही. हे मला हंगामापासून माहीत होतं, पण मी ते स्वतःला एकदाही म्हटलं नव्हतं. स्टूलवर बसून मी रडले. प्राची बिचारी पाणी घेऊन आली. तिला वाटलं, काकू भाविक आहेत.

यांना मी काही सांगितलं नाही. का सांगू? आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते कौतुक आयतं चाललं होतं, आणि करणाऱ्याला ठाऊक नव्हतं म्हणून खरंही होतं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मला वाटलंच होतं. संध्याकाळी चहाला मी विचारलं, “काय म्हणत होता तुम्ही त्या पापणीचं?”

हे दचकले, पण खुलले. पापणी, बुबुळातला उजेडाचा ठिपका, भुवईचं वळण, सगळं सविस्तर सांगितलं. मी मधेमधे “असं?” म्हणत होते. दोन कप चहा झाला आणि दोन्ही गोड लागले.

रामवाडी

निघताना प्राचीनं कात्रीनं आमच्या पट्ट्या कापल्या. वॉचमननं ह्या खेपेला पुढच्या गेटनं सोडलं. माल बाहेर जाताना कोण बघतं.

रोह्याला थांबलो नाही. सुनंदाचा फोन आला, “कसं वाटलं, वहिनी?” मी म्हटलं, “छान. तुझ्या फोटोत तो गणपती नव्हता, बघितला नाहीस वाटतं?” ती म्हणाली, कुठला गणपती? मला फार बरं वाटलं.

वडखळ गेलं. मिठागरांवर पाणी चमकत होतं. हे म्हणाले, “उजेड हाय अजून. घरी न थांबता तसंच पुढं हमरापूरला जाऊन येऊ. तू राग धरू नकोस गो. तुझ्या हाताला आता झेपत नाय, मला बघवत नाय. मीठ सांडलं परवा, तेव्हा मला...” आणि यांनी उगाचच गिअर बदलला.

रामवाडी आली. आमच्या गल्लीचं तोंड आलं. यांनी गाडी सरळ ठेवली.

“थांबवा,” मी म्हटलं. “ती बाई इथंच राहते.”

“कोण?”

“तुमची आखणीवाली. हमरापूरला दोन हंगाम जायची एसटीनं. राहायला रामवाडीत हाय.”

यांनी ब्रेक मारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असा मारला की मागे पेंढ्यातली बॅग दाणकन पुढे आली. आरशात बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिले.

“तीट हाय?” हे म्हणाले.

“डाव्या कानामागं.”

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. यांनी माझा उजवा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर दाबून धरला, थरथर थांबेपर्यंत. ती थांबली नाही, पण यांनी सोडलाही नाही.

“उद्या जाऊ हमरापूरला,” मी म्हटलं. “एखादी पोर बघू, हलक्या हाताची. खिडकीजवळ बसू दे. मी बाजूला बसून सांगेन.”

“तुला चालंल?”

“नाय चालणार. जळेन मी तिच्यावर, रोज जळेन,” मी म्हटलं. “म्हणून तीट मीच लावणार.”